प्लास्टिकमधली मोटार

"ए, तू झाडू घे. मशीनले हात लावाचा नाही. तुमच्या लोकायले झाडनंच बरं जमते."

सर हे भर वर्गात बोलले. वर्ग हसला. मी झाडलं. आजही सांगताना कानशिलं तापतात. सर काय बोलले याचं नाही, मी मुकाट्यानं झाडलं याचं वाईट वाटतं.

मी दहावीत होते, कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी शाळेत. विषय विद्युत काम. त्यासाठी सरकारनं नवी प्रयोगशाळा दिली होती. पाण्याची मोटार, वायरिंगचे बोर्ड, बोल्ट खोलायचे पाने, मीटर. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तपासणीला साहेब आले की नवंकोरं दिसलं पाहिजे ना! दोन वर्षं आम्ही मोटार फक्त वहीत काढली. खालची फरशी मात्र मी रोज खरीखुरी पुसली.

आम्ही बौद्ध. बाबा कारंज्याला एका दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. सुट्टीत त्यांच्याजवळ बसून मी बेअरिंग काढायला शिकले होते. मला हेच पुढं शिकायचं होतं. त्यासाठी प्रॅक्टिकलचे गुण हवे होते आणि ते सरांच्या हातात होते.

प्लास्टिक वर्षातून एकदाच निघायचं. दसऱ्याला, पूजेसाठी. हळद, कुंकू, झेंडूचा हार. शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा आमच्याच वर्गात. मान त्याचा. त्यानं मोटारीच्या पाठीवरच नारळ फोडला. पाणी आत झिरपलं.

"सर, वाळू द्या तिले," मी दारातून म्हणाले.

"तुले कोनं इचारलं?"

ओल्या मोटारीला त्यांनी तसंच प्लास्टिक गुंडाळलं आणि वरून सुतळी आवळली.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. म्हणाल्या, मोटार चालू करून दाखवा. सरांनी अध्यक्षांच्या मुलाला पुढं केलं. त्यानं ऐटीत बटण दाबलं. मोटार नुसती घुमली, फिरेचना. त्यानं पुन्हा दाबलं. जळका वास आला. तेव्हा कुठं सरांना माझी आठवण झाली.

"ये वं. खोलून पाह्य."

मी प्लग काढला. बोल्ट खोलले, झाकण ठोकून सोडवलं. बेअरिंग गंजून जाम झालं होतं. त्याला हळद चिकटलेली आणि नारळाच्या शेंडीचे धागे. त्या क्षणी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

सर कानाशी आले. "झालं तुहं काम. पाना त्याले दे अन् बाजूले हो. फोटो काढाचा हाय."

मुलानं हात पुढं केलेलाच होता. मागायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

मी पाना दिला नाही.

"मोटार म्या खोलली. फोटोत मीच राहीन. अन् बाई, ते बिघडली काहून तेबी लिवा. नारळ फोडला अन् ओलीच गुंडाळली."

"मस्ती आली काय तुले?" सर ओरडले.

बाईंनी पेनला टोपण लावलं. फोटो निघाला नाही. सरांनी मला काठावर पास केलं. त्या मुलाला पैकीच्या पैकी.

पुढचं शिक्षण हुकलं. आज मी बाबांच्या शेजारच्या टेबलावर मोटारी खोलते. परवा शाळेचा निरोप आला. दसरा जवळ आलाय, मोटार दुरुस्त करून दे. सर अजून तेच आहेत.

मी कळवलं, येते. पण काम वर्गासमोर होईल आणि पाने पोरींच्या हातात असतील. सगळ्यात आधी मी ते प्लास्टिक फाडणार. नारळ घेऊन कोणी जवळ आला, तर त्याला दाराबाहेर काढणार.

खाली कचरा पडेल. तो सरांनी झाडावा.