घोंगडीची मोकळी दशा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उत्रोलीच्या शाळेत हजेरी घेत होतो. हजेरीपट अर्धाच टाकून निघालो… पोरं टकामका बघत राहिली. त्याला महिना होऊन गेला. रडून झालंय. आता ती आठवली की आधी हसूच येतं, आणि तिलाही तेच आवडलं असतं.

सखुआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला वस्तीवर शेळ्या राखायची. तिला रक्ताचा कॅन्सर झाला, त्यातही लाखात एखाद्याला होणारा. एकदा औषधांनी हटला, पण वर्षाच्या आत उलटला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नवी गोळी आहे, बिघडलेल्या पेशींवरच नेमकी जाते. पण तिची अजून चाचणी चाललीय, गुण येईलच असं नाही. आत्या म्हणाली, "म्हंजे आख्खा कळप न्हाई मारायचा, खरजुलं तेवढंच धरायचं. बरंय की! पर मला न्हाई लागू पडली तर?"

"तरी पुढच्या पेशंटना त्यातून कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग घ्या माझा अंगठा."

रोज एक गोळी, आणि घेतली की वहीत खूण करायची. आत्याला अक्षरओळख नाही. तिनं आपलीच रीत काढली. घोंगडीच्या कडेला लोकरीचे पीळ लोंबतात ना, त्या दशा. गोळी घेतली की एका दशेला गाठ. रविवारी मी जायचो आणि गाठी बघून वही भरायचो. पुण्याला जाऊन आलं की गाठी सोडून पुन्हा पहिलीपासून सुरू.

तिसऱ्या महिन्यात मधली एक दशा मोकळी दिसली. "शेळी अडली व्हती रं," आत्या म्हणाली, "दोन करडं निघाली. त्या गडबडीत गोळी ऱ्हायली." गोळीचा गुण येत होता, ताप हटला होता, आत्या पुन्हा चढण चढायला लागली होती. आता चाचणीतून काढून टाकलं तर? हजेरीपटात जन्मात खाडाखोड न केलेला मी मास्तर, पण म्हणालो, "मार गप गाठ. उरलेली गोळी देऊ फेकून. कोण बघतंय?"

आत्या अशी भडकली! "व्हय रं मास्तर, पोरास्नी हेच शिकवतोस? माझ्यामागनं येणाऱ्याला खोटी वाट दावू?"

पुण्यात तिनं घोंगडीच टेबलावर पसरली, त्यावर ती गोळी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मी मान खाली घालून बसलेला. डॉक्टरीणबाई हसल्या. "एका दिवसासाठी काढत नाही हो आजी. कारण तेवढं लिहावं लागतं." आणि त्या इंग्रजी कागदावर, कारणाच्या रकान्यात, आमची शेळी व्यायली! परतीच्या एसटीत आत्या नसरापूर येईस्तोवर हसत होती.

ती दशा मात्र तिनं पुढं कधीच बांधली नाही, ओलांडून पुढची धरायची. दोन पावसाळे मिळाले तिला. त्या करडांची करडं तिनं मांडीवर घेतली. मग आजार पुन्हा उलटला, गोळी थांबली, आणि ती आपल्या वस्तीवर, शेळ्यांच्या आवाजात गेली. लई मिळालं, म्हणायची.

घोंगडी आता माझ्याकडं आहे, शेवटच्या गाठी तशाच. परवा घडी घालताना बायको म्हणाली, "मधली एवढीच मोकळी राहिलीय. बांधून टाकू का?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "नको. तेवढी गैरहजेरी खरी आहे."