फळीतली बाई

रोज सकाळी थोरली आपला चहाचा कप नव्या फळीवर ठेवायची, चार पावलं मागे जायची आणि एक डोळा मिटून बघायची. आधी कप दिसला तर फळी पास. आधी फळी दिसली तर नापास. तोवर चहावर साय धरलेली असायची. ती बोटाने सारून थोरली तो कोमटच पिऊन टाकायची.

फळ्या ती घरातच करायची. सुताराच्या दारात पडलेले प्लायवूडचे तुकडे, भिंतीला लावून उरलेली पुट्टी, शेजाऱ्यांनी टाकून दिलेले रंगाचे अर्धे डबे, एवढंच भांडवल. पुट्टी ओबडधोबड फासायची, वाळली की वर राखाडी रंगाचा हात द्यायचा, चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने पांढरट ठिपके उठवायचे आणि ओल्या फडक्याने त्यातले निम्मे पुसून टाकायचे. फोटोत ती फळी जुन्या दगडी ओट्यासारखी दिसे. दगड नाही हे फक्त उचलणाऱ्याला कळे.

खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढायची तिची धाकटी बहीण, छोटी. पदार्थाखाली ठेवायच्या या फळीला ती ‘बॅकड्रॉप’ म्हणे. लहानपणी घरातल्या प्रत्येक फोटोत छोटी पुढे, कुणाच्या तरी मांडीवर. थोरली उंच, म्हणून मागे, कुणाच्या तरी खांद्याआड. आता छोटीचे फोटो बघून लोकांच्या तोंडाला पाणी सुटे. काय हात आहे पोरीचा, म्हणत. पदार्थाचं कौतुक होई, खिडकीतल्या उजेडाचंही होई. फळीबद्दल कुणी ब्र काढत नसे. जिच्याकडे लक्ष जात नाही तीच फळी चांगली, हे थोरलीला पुरतं कळत होतं. कळूनही जीव जळायचा तो जळायचाच. शेजारीण छोटीची स्तुती करू लागली की ती गॅस बघून येते म्हणून उठायची. गॅस बंदच असायचा.

मग बेकरीवाल्याचं काम आलं. बिस्किटांच्या नव्या निळ्या खोक्यावर फोटो छापायचा होता आणि कोपऱ्यात फोटो काढणारीचं नाव. पसंत पडलं तर पुढची सगळी कामं छोटीलाच मिळणार होती, ऑफिसातली नोकरी सोडता येणार होती. नाव बारीक अक्षरांत आलं तरी चालेल, असं छोटीने दहादा सांगितलं. थोरलीने मूग गिळले आणि फळी करायला घेतली.

खोक्याला शोभेल अशी निळी. संध्याकाळ संपता संपता आभाळ होतं तशी. शेवटी तिने चकचकीत व्हार्निशचे दोन हात दिले. लोण्याचे डाग पुसायला बरं पडेल, असं छोटीला सांगितलं. सकाळी कप ठेवला तर आधी फळीच दिसली. थोरलीने दोन्ही डोळे उघडून ती पोटभर बघितली.

फोटोच्या वेळी छोटीला ऑफिसची घाई होती. बिस्किटांवरची सावली उजळावी म्हणून थोरली समोर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभी राहिली. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळं ठीक वाटलं.

बेकरीवाल्याने फोटो मोठ्या पडद्यावर लावला, तेव्हा त्याचं बिस्किटांकडे लक्षच गेलं नाही. त्याने मान तिरकी केली. फळीच्या निळ्या चकाकीत एक उंच बाई उलटी उभी होती, छातीशी पांढरा चौकोन धरून.

“ही बाई कोण?”

थोरली त्याच्यासमोर, काउंटरला टेकून उभी होती.

“कोणी नाही,” छोटी घाईघाईने म्हणाली. “चुकून आलीय. दुसरा काढून देते.”

उद्यापर्यंत द्या, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो, असं त्याने हसत हसत, पण स्पष्टच सांगितलं.

दोघी घरी निघाल्या. जिन्यात छोटी थांबली.

“ताई, चकाकी चालत नाही हे तूच शिकवलंस ना मला?”

“हो.”

“मग?”

“मग काय. कोण म्हणून त्याने विचारलं तरी. तू म्हणालीस, कोणी नाही.”

छोटीने खाली बघितलं. बहीण घरी फळ्या रंगवते म्हटलं तर हा घरगुती मामला वाटेल, म्हणून बोलून गेले, असं ती पुटपुटली. थोरलीने कुलूप काढलं.

निळी फळी ती एकच होती. थोरलीने ती गॅलरीत ओढली आणि काचकागद घेऊन बसली. राग उतरला नव्हता, उतरवायचाही नव्हता. पण आपल्या हातची फळी नापास होऊन फोटो परत यावा, हेही तिला सोसेना. ती घासत राहिली. चकाकीतून आधी आभाळ गेलं, मग गॅलरीचे गज, मग तिचं स्वतःचं तोंड. उरला पिठासारखा पांढुरका धुरळा. तो पुसून तिने निळ्या रंगाचा पातळ, बिनचकाकीचा हात दिला.

छोटी दारात येऊन उभी राहिली. खोक्यावर दोघींची नावं घालायला सांगते, म्हणाली. थोरलीने कडेवरून आणखी एकदा ब्रश फिरवला. छोटी तिच्या शेजारी उकिडवी बसली, जराशी वाकली आणि फळीकडे बोट नेलं.

“हात लावू नकोस,” थोरली म्हणाली, “ओली आहे अजून.”