सुलाबाईंनी कुलूप लावलेली बर्फाची पेटी

सातपूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सुलाबाई मुख्य स्वयंपाकीण होत्या. नवरा गेल्यावर भांडी घासायला म्हणून लागल्या आणि हाताला चव होती म्हणून चुलीपर्यंत पोचल्या. बुधवारी त्यांच्या हातचा कोंबडीचा रस्सा असे. त्या दिवशी सहसा कुणी रजा टाकत नसे.

कोंबड्या जवळपासच्याच असत, डोळ्यांदेखत कापलेल्या. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात ठेकेदार खंडेरावांनी परप्रांतातून मुंबईमार्गे बर्फात येणारं कोंबडीचं मांस सुरू केलं, कारण ते स्वस्त पडत होतं. सुलाबाईंनी ते खालीवर करून पाहिलं, वास घेतला. नाव ठेवायला जागा नव्हती. त्या बुधवारी त्याचाच रस्सा झाला.

दुसऱ्या दिवशी निम्मे कामगार आलेच नाहीत. कुणाला जुलाब, कुणाला उलट्या, अंगात ताप. बुधा नावाचा फिटर तर इतका गळाला की त्याला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. सुलाबाईंनी स्वतः रस्सा खाल्ला होता आणि त्या ठणठणीत होत्या. तेच त्यांना जास्त लागलं.

खंडेराव घाईघाईनं आले. "बाई, बर्फाच्या पेटीतलं उरलेलं मांस मागच्या खड्ड्यात पुरून टाका. टाकीचं पाणी खराब होतं म्हणू."

"पुरल्यावर कळायचं कसं, काय झालं ते?"

"कळलं तर पहिली तुमचीच नोकरी जाईल."

सुलाबाईंची मुलगी मॅट्रिकला होती, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "गेली तर जाऊ द्या. माणसं माझ्या हातचं जेवून पडलीत." त्यांनी पेटीला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली आणि थेट कारखान्याचे डॉक्टर गायधनी यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

मांस तपासायला पुण्याला गेलं. त्यात साल्मोनेला नावाचे जंतू निघाले, आजाऱ्यांच्या तपासणीतही तेच. हे जंतू ना दिसतात ना वास देतात, पण शिजवल्यावर मरतात, असं डॉक्टरांनी समजावलं.

"मग साहेब, रस्सा तर चांगला उकळला होता."

"कांदा-काकडी कशावर चिरली?"

सुलाबाईंच्या लक्षात आलं. ज्या पाटावर मांस कापलं, त्याच पाटावर नुसतं पाणी मारून कांदा चिरला होता. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः कांदा घेतला नव्हता.

मॅनेजरसमोर खंडेरावांनी लगेच ते धरलं. "बघा, चूक बाईंचीच."

"पाटाची चूक माझी," सुलाबाई म्हणाल्या. "ती मी मान्य करते. पण पाटाला जंतू लागले कुठनं, ते पेटीतल्या मांसानं सांगितलंय." खंडेरावांचा ठेका गेला. डॉक्टरांनी शब्द टाकला म्हणून सुलाबाईंना कामावर ठेवून घेतलं.

त्या संध्याकाळी त्या बुधाच्या घरी गेल्या. त्याची बायको भागीबाई दारातच बसली होती. सुलाबाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं.

भागीबाई म्हणाली, "तुम्ही नसतं सांगितलं तर आम्हाला कळलंबी नसतं."

"म्हणूनच आले."

भागीबाईनं तेव्हा त्यांना आत बोलावलं नाही. पण सुलाबाई कामावरून सुटल्या की भाताची पेज घेऊन येत राहिल्या आणि एके दिवशी तिनं त्यांच्यासाठी चहा टाकला. बुधा पुढं हिंडूफिरू लागला.

कँटीनमध्ये मांसाचा पाट आणि सुरी वेगळी झाली. कच्च्या मांसाला हात लावला की साबणानं धुतल्याशिवाय सुलाबाई कुणाला पुढं येऊ देत नसत. ही शिस्त ऐकून शेजारच्या कारखान्यांनी आपले स्वयंपाकी त्यांच्याकडे शिकायला धाडले. अठ्ठ्याऐंशीला निवृत्त होईपर्यंत त्यांनी कितीतरी जणांना तयार केलं. प्रत्येकापुढे सुलाबाई बुधाचं नाव घेत, आपली चूक आधी सांगत आणि मगच सुरी हातात देत.