विटकरी धूळ

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या आमच्या बिल्डिंगीत पाण्याचे इतके हाल, की नवऱ्याने शेवटचं सांगून टाकलं होतं, "ही बोअर कोरडी गेली किंवा खारट लागली, तर जागा विकायची आणि गावी जायचं." मला जायचं नव्हतं. सगळी नोकरी ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेली आणि ही दोन खोल्यांची जागा मी हट्टाने घेतली होती.

पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. नारळ उभा राहिला म्हणे. मी नाक मुरडलं, पण हळदकुंकू वाहायला पहिली मीच पुढे. बोअरची गाडी सुरू झाली आणि काळ्या कातळाची राखाडी पूड उडू लागली. दुपारी ती एकदम लाल झाली. चक्क विटकरी.

"बंद करा, बंद करा!" सेक्रेटरी धावत आले. "खाली कुणाचं तरी बांधकाम लागलंय. विटा आहेत बघा!"

"इतक्या खाली कोण बांधेल?" मी म्हटलं.

"मॅडम, हे दिवा आहे. वर बेकायदा मजले चढवतात, खाली पण उतरवले असतील."

लोकांनी माना डोलावल्या. मला हसू आवरेना. मग ती पूड चिमटीत घेतली आणि हसू कुठल्या कुठे गेलं. विटा नव्हत्याच. ही माती होती, ज्वालामुखीने भाजलेली. जन्मभर मी फळ्यावर ज्वालामुखी काढला तो टोकदार डोंगराचा, परदेशातला. इथे डोंगरबिंगर काही नव्हता. जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून वितळलेला खडक वर आला, पसरला, थिजून कातळ झाला. मग कितीतरी काळ सगळं शांत. कातळ झिजून माती झाली, तिच्यावर पाऊस पडला, काहीतरी उगवलं असेल, कुणीतरी चरलं असेल. आणि पुन्हा भेगा, पुन्हा विषारी वायू, पुन्हा तो उकळता रस. माती भाजून निघाली आणि तिच्यावर कातळाचं झाकण बसलं. आमची सोसायटी त्या झाकणावर उभी होती आणि आम्ही पार्किंगवरून भांडत होतो.

"मजलेच आहेत," मी सेक्रेटरींना म्हटलं, "पण ज्वालामुखीचे. दोन थरांच्या सांध्यात कधीकधी पाणी सापडतं. थांबू नका."

"आणि नाही लागलं तर?" नवऱ्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"तर जाऊ गावी."

गाडी पुन्हा घरघरली. लाल संपून पुन्हा राखाडी आलं, मग पूड ओली झाली आणि बघता बघता पाण्याचा फवारा सगळ्यांच्या कपड्यांवर. बायका ओरडल्या. मी फक्त नवऱ्याकडे बघत होते. त्याने ओंजळ ओठांना लावली. आता खारट म्हणणार, या भीतीने मी पूजेचा तांब्या उचलून छातीशी धरला.

"अगं, गोड आहे," तो म्हणाला.

मी रडलेच. डोळे पुसून तांब्या भरला आणि त्या लाल मातीच्या ढिगावर ओतला. शेवटचा पाऊस तिने कधी पाहिला असेल, देव जाणे.

"पाणी वाया घालवू नकोस," नवरा म्हणाला. "आपल्याला इथेच राहायचंय."