दिवस पाचवा : बर्फ, पंचेचाळीस मिनिटं

मुळशी ते काश्मीर आणि काश्मीर ते मुळशी हा प्रवास नऊ दिवसांत अगदी आरामात होतो. कागदावर. मी स्वतः करून पाहिलाय.

मी लवळ्याच्या एका कॉलेजात परीक्षांची वेळापत्रकं लावते. चौदा विषय, सहा वर्ग, तीन हॉल आणि ऐन परीक्षेत रजेवर जायला टपलेले प्राध्यापक, हे सगळं मी एका पानात बसवते. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट एका पानात बसते, अशी माझी पक्की समजूत होती. (आमचे हे त्या समजुतीला दुसरा शब्द वापरतात. लग्नाला बावीस वर्षं झाली की नवरे असंच बोलतात.)

तर झालं असं. माझे वडील, म्हणजे आण्णा, तीस वर्षं ट्रक चालवायचे. पार दिल्ली, जम्मूपर्यंत. आणि ती तीस वर्षं आई मुळशीत राहून भात लावत होती, आम्हाला वाढवत होती. आण्णा घरी आले की विचारायची, "आता कुटं गेला व्हता?" आण्णा सांगायचे, "लांब." संपलं प्रवासवर्णन! आई स्वतः पुण्याच्या पलीकडे फारशी गेलीच नाही. मागच्या वर्षी डॉक्टरांनी आण्णांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून जपायची. आण्णा घरी येऊन ओट्यावर टेकले. मग मला म्हणाले, "नंदे, मला दिसतंय तवर हिला माजा रस्ता दाखवायचाय. तेवडं जमीव."

माझा गळा भरून आला. आणि गळा भरून आला की मी तक्ता करते.

रजा मिळाली दिवाळीतली, नऊ दिवसांची. ह्यांनी हिंजवडीतल्या कुणाकडून तरी एक घरगाडी भाड्यानं ठरवली. आत झोपायला दोन फळ्या, एक शेगडी, एक बेसिन आणि कपाटासारखं दार उघडलं की चक्क संडास! मी आठवडाभर बसून तक्ता रंगवला. निघणे पहाटे पाच. चहा सात दहा. दिवसाला साडेपाचशे किलोमीटर. मग मोठ्या दिमाखात आण्णांना वाचून दाखवला.

"दिवस पाचवा. बर्फ. सकाळी सव्वानऊ ते दहा."

"पाऊन तास?" आण्णा म्हणाले. "अगं, तेवड्यात तुजी आई चपला काढून घालती फकस्त."

"आण्णा, बर्फ सगळीकडे सारखाच असतो. पाऊण तास पुष्कळ झाला!"

"आन् जेवायचं कवा?"

"चालत्या गाडीत."

"मुतायचं?"

"चालत्या गाडीत!" मी अभिमानानं कपाट दाखवलं.

आण्णांनी एक लांब श्वास सोडला. "नंदे, तू हा मान्सांचा तक्ता न्हाई केला. पार्सलाचा केलायस."

तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाचं मी ऐकलं का? छे! माझ्याकडे तीन रंगांची पेनं होती ना.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला गाडी आण्णांच्या दारात उभी आणि गाडीभोवती अख्खी आळी! "गाडीत संडास हाय म्हनं!" ही बातमी धरणाच्या पाण्यापेक्षा लवकर पसरली होती. शेजारच्या काकी डोकावून म्हणाल्या, "चुलीपासनं दोन हातांवर? शी! आमी न्हाई बाई असल्या गाडीत पाय ठेवनार." असं म्हणून त्या आत शिरल्या आणि पंधरा मिनिटं बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या मागे रांग लागली.

तेवढ्यात ओट्या सुरू झाल्या. आमच्याकडे बाईमाणूस लांबच्या वाटेला निघालं की आयाबाया तिची ओटी भरतात. खण, तांदूळ आणि नारळ. आणि आई तर काश्मीरला निघालेली! आळीतली प्रत्येक बाई तबक घेऊन हजर. मी घड्याळ दाखवत नाचत होते, "आई, एकाच नारळात सगळ्यांचं धरून चाल ना!"

"गप गं! भरल्या ओटीला न्हाई म्हनत्यात व्हय?"

सातला आळी सोडली तेव्हा गाडीत अकरा नारळ होते. पुढच्या वाडीवर आत्या रस्त्याच्या मधोमध उभी. म्हणजे अक्षरशः मधोमध, हात पसरून! चहा, चिवडा, ओटी. तिथून अर्ध्या किलोमीटरवर मावशी. "आत्याकडं च्या घेतला आन् माज्याकडं न्हाई?" पुन्हा चहा, करंज्या, ओटी. गावाकडचे रस्ते मी नकाशात नीट मोजले होते हो! त्यांच्या कडेला आपली माणसं राहतात हे मात्र मी धरलंच नव्हतं. आणि मी त्याच गावात जन्मलेय!

साडेदहाला गाडीत सतरा नारळ. मी मागे फळीवर बसून तक्त्यातल्या वेळा खोडत होते. एक वळण आलं, समोर म्हैस आली आणि ह्यांनी ब्रेक दाबला.

"ब्रेक लागत नाहीये!"

"असं कसं लागत नाहीये?"

"ब्रेकखाली नारळ आहे!"

आण्णा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, म्हशीला वाचवा. डावीकडं घ्या. खाचर हाय, मऊ हाय."

ह्यांनी डावीकडे घेतलं. गाडी बांधावरून हळूच उतरली आणि भाताच्या कापलेल्या खाचरात जाऊन अशी बसली, की जणू तिला तिथेच यायचं होतं. पावसाळ्यातली ओल तळाला होतीच. चाकं निम्मी आत गेली. आम्हाला कुणाला खरचटलंही नाही. नारळ मात्र अजून घरंगळत होते.

खाचराच्या दुसऱ्या टोकाला भात कापणारा माणूस विळा टाकून धावत आला. बघतो तर मामा! आईचा सख्खा धाकटा भाऊ! त्याचंच खाचर!

"ताई! माज्याकडं आलीस व्हय? मला वाटलं, समद्यांकडं जाशील आन् मला तेवडं टाळशील!"

"आरं, आलो न्हाई. पडलो!"

"ते काय का आसंना. आता जेवल्याबिगर सोडत न्हाई."

सोडायचा प्रश्नच नव्हता. गाडी ओढायला ट्रॅक्टर हवा आणि मामाचा ट्रॅक्टर मळणीला लागलेला. "उद्या दुपारच्याला मोकळा व्हईल," मामा म्हणाला. तक्त्याप्रमाणे आम्ही तेव्हा नाशिकला टेकायला हवं होतं. प्रत्यक्षात घरापासून सहा किलोमीटरवर होतो. मी बांधावर बसले आणि भोकाड पसरलं. खरंच रडले. रजेचं मला काही नव्हतं. आण्णांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी मामाच्या खाचरात रुतवून ठेवली होती.

जेवणं झाली. दुपार कलली तशी गाडीतून बोलणं ऐकू आलं म्हणून मी उठले. आण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. गाडी बंद, किल्ली ह्यांच्या खिशात, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर. शेजारी आई, मांडीवर पदर पसरून, समोरच्या काचेतून मामाच्या भाताच्या पेंढ्यांकडे बघत.

"हा आता चांदवडचा घाट," आण्णा म्हणाले आणि त्यांनी खरोखर गिअर टाकला. "हितं गाडी दमादमानं घ्यायची."

"मग?"

"मग मालेगाव, धुळं. मग सेंधव्याचा घाट. त्याच्या म्होरं नर्मदेचा पूल. पुलाच्या अलीकडं एक धाबा व्हता. तितं मी जेवायचो."

"कोन असायचं जोडीला?"

"कोन असनार? क्लीनर झोपायचा. मी येकलाच."

आई त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "मंजी मी हितं चुलीपाशी येकली आन् तुमी तितं येकलं. काय पन संसार केला आपन!" आणि हसायलाच लागली. आण्णाही हसले.

"नंदी झाली तवा कुटं व्हता?"

"त्याच धाब्यावर. तितनं फोन लावला तवा कळलं. मालकानं समद्या ड्रायव्हरांना शिरा वाढला."

"मला ते बगायचंय," आई म्हणाली.

"आन् बरफ?"

"बरफाचं काय करायचंय? फ्रिजात हाय की."

मी काचेबाहेर उभी राहून डोळे पुसत होते. आण्णांनी मला पाहिलं नाही, पण चाहूल लागली असावी. "नंदे, आता माजा तक्ता लिवून घे. रोज चार तास गाडी. तीन दीस जायाचं, एक दीस बसायचं, तीन दीस यायाचं. झालं." (मी मनातल्या मनात जुळवून पाहिलं. तंतोतंत बसत होतं! असली चीड आली मला!)

ट्रॅक्टरनं दुसऱ्या दिवशी गाडी काढली, तिसऱ्या दिवशी निघालो आणि पाचव्या दिवशी, बर्फाच्या दिवशी, धाब्यावर पोचलो. धाबा होता. जुना मालक नव्हता, त्याचा मुलगा होता. आण्णा उतरले आणि मधेच थबकले. ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यांना नीट दिसेना. दाखवणाऱ्यालाच दिसेना! मी पुढे झाले. पण आईनं सरळ त्यांचा हात धरला.

"बाजा हायेत रांगेनं," ती म्हणाली. "कडंला लिंबाचं झाड हाय."

"लहान हाय न्हवं?"

"लहान कुटलं! लई मोटं झालंय. तुमी बसायचा ती बाज कुटली?"

आण्णांनी बोट दाखवलं. आईनं त्यांना तिथे नेऊन बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि नर्मदेचं पाणी कसं दिसतंय ते सांगत राहिली. ती दोघं संध्याकाळपर्यंत उठली नाहीत. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

परत आल्यावर माझी मूळची खोड मात्र गेली नव्हती. दोन महिन्यांनी मी पुन्हा मुळशीला गेले. "आई, पुढच्या दिवाळीत काश्मीर नक्की! बारा दिवसांची रजा टाकलीय. झकास आखते सगळं."

आईनं आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी छताकडे पाहिलं.

"तू कशाला तरास घेतीस?" आई म्हणाली. "आमी दोगं यष्टीनं जातो."

"अगं, एसटी काश्मीरला जात नाही!"

"जितवर जाती तितवर जाऊ."

"आणि मी?"

आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुज्यासंगं लई घाई व्हती गं, बाय."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी रजेचा अर्ज मागे घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आईवडील फिरायला जाणार आहेत.'