पापणीतला निळा धागा

"उसाचं पातं लागलं," रूपाली म्हणाली. मी स्लिट लॅम्पमधून तिच्या डाव्या डोळ्यात बघत होते आणि मला ते पटत नव्हतं.

स्लिट लॅम्प म्हणजे हनुवटी टेकवून ज्याच्यासमोर बसतात ते मशीन. डोळ्यात पिवळा डाय घातला की बुबुळावरची जखम निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. बारामतीत डोळ्यांची प्रॅक्टिस करताना उसाच्या पात्याच्या जखमा मी भरपूर बघितल्या आहेत. पातं कसंही लागतं, पण एकदाच लागतं. एक ओरखडा, वाकडातिकडा. रूपालीच्या बुबुळावर वरच्या बाजूला बारीक उभ्या रेषा होत्या, एकीशेजारी एक. म्हणजे पापणी मिटली की दर वेळी काहीतरी घासत होतं. रेषांच्या मधोमध एक पांढरट ठिपका होता. इन्फेक्शनची सुरुवात. असा ठिपका वाढला की डोळ्यात फूल पडतं आणि मग नजर जाते ती जाते.

रूपाली लासुर्ण्याची. बी.कॉम. झालेली, लग्न ठरलेलं. तिला तिचे चुलते घेऊन आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत.

"कधी लागलं पातं?" मी आबांनाच विचारलं.

"मला काय म्हाईत? ह्या हंगामात पोरगी रानात गेलीच न्हाय. आन् म्हणती पातं लागलं."

रूपालीनं वाहणारा डोळा रुमालानं टिपला.

मी डोळा बधिर करणारा थेंब टाकला आणि कापसाच्या काडीवर तिची वरची पापणी उलटी केली. आतल्या गुलाबी अस्तरात निळं टोक दिसलं. केसाहून बारीक, पण ताठ. धागा होता. टाक्याचा.

मग पापणी सरळ करून बाहेरून नीट बघितली. थोडी सुजलेली, आणि त्या सुजेतही एक घडी दिसत होती. घडीवर तीन बारीक खपल्या, सारख्या अंतरावर. उजव्या डोळ्यालाही घडी होती, पण ती जन्माची होती. डावीकडची कुणीतरी घातली होती.

ही घडी काय असते ते सांगते. डोळा उघडणारा एक स्नायू पापणीच्या आत असतो. त्याचे तंतू कातडीला चिकटलेले असले तर डोळा उघडताना कातडी तिथं आत ओढली जाते आणि घडी पडते. तंतू चिकटलेले नसले तर पापणी पडद्यासारखी सपाट राहते. काहींच्या दोन्ही पापण्या तशा असतात, काहींची एकच. एकच असली की फोटोत एक डोळा लहान दिसतो. नजरेचं काही बिघडत नाही. तरी लोक ऑपरेशन करून घेतात आणि मी करते.

पद्धती मुख्यतः दोन. एकीत चिरा घेत नाहीत. बारीक टोचे मारून पापणीच्या आतून धागा नेतात आणि कातडीला खालच्या स्नायूशी बांधून गाठ कातडीखाली पुरतात. सूज लवकर उतरते, पण घडी पुढे सैल पडू शकते आणि धागा कधीकधी बाहेर डोकावतो. दुसरीत घडीच्या रेषेवर चिरा घेऊन कातडी आत शिवतात. ती घडी टिकते. मात्र ती उंच झाली तर खाली आणणं अवघड, आणि कातडी जास्त कापली तर डोळा पुरता मिटत नाही.

रूपालीची पहिली पद्धत होती. तीन टोचे, हे अंतर, हा निळा धागा. सगळं माझ्यासारखं होतं. आणि मी रूपालीला त्या दिवसाआधी कधी बघितलं नव्हतं.

आबांना मी औषधं आणायला खाली मेडिकलमध्ये पाठवलं.

"पापणीला टाके कुणी घातले?"

"कुणीच न्हाय."

"रूपाली, आत धागा आहे. तो तुझं बुबुळ कापतोय."

"काढा मग. पण कुणाला सांगू नका मॅडम. तिकडच्या लोकांना कळलं तर म्हणतील पोरीत खोट हाय."

"कुणी घातला ते सांग. दुसऱ्या कुणाच्या डोळ्याचं असं व्हायला नको."

तिनं हनुवटी परत मशीनवर टेकवली.

ठिपक्यावरचा थोडा भाग तपासणीला पाठवला आणि धागा काढायला तिला लगेच ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं. समोर ट्रे धरून सुनीता सिस्टर उभ्या होत्या. सुनीता सिस्टर माझ्याकडे हॉस्पिटल सुरू झाल्यापासून आहेत. मी पापणीत भुलीचं इंजेक्शन द्यायला सुई उचलली आणि सवयीनं बोलायला लागले, "आता मुंगी चावल्यासारखं होईल..."

"मग गरम लागंल, आन् मग कायच न्हाय," रूपाली झोपल्या झोपल्या म्हणाली. "पायाच्या अंगठ्याकडं बघायचं."

माझा हात थांबला. ही वाक्यं माझी आहेत. कुठल्या पुस्तकात नाहीत. पेशंट घाबरू नये म्हणून मीच जुळवलेली आहेत.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"ताईंनी," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

ताई. म्हणजे बाई. मी मान वर केली. सुनीता सिस्टर ट्रेकडे बघत होत्या.

धागा निघाला. आबांनी बाहेर विचारलं, "काय घावलं?" मी म्हटलं, "धागा होता." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो आधी आत घातला आणि मग काढून दाखवला. "पातं म्हणत हुती, आता धागा," एवढं पुटपुटून ते औषधांची पिशवी घेऊन गेले. मी त्यांना जास्त सांगू शकत नव्हते. मुलगी सज्ञान होती आणि तिनं नको म्हटलं होतं.

पुढचे काही आठवडे मी माझ्याच हॉस्पिटलात चोरासारखी वागले. माझं ऑपरेशन कुणी अगदी जवळून बघितलंय? सिस्टरनी. धागा कुणाच्या हाताखाली असतो? सिस्टरच्या. त्या रविवारी कुठं जातात? माहीत नाही. रविवारी फोन केला तर बंद. सोमवारी विचारलं तर "पाहुण्यांकडं गेले होते", आणि पाहुणे दर वेळी वेगळे. त्यांचं माहेरही लासुर्ण्याच्याच बाजूला. मी टाक्यांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. त्या धागा मागायच्या तेव्हा मी स्वतः काढून द्यायचे. त्या काही बोलल्या नाहीत. तेही मला संशयास्पद वाटलं.

रूपाली रोज तपासणीला येत होती. ठिपका आधी वाढला. दोन औषधं बदलली. एकदा तर तिला पुण्याला पाठवायचं मी ठरवलंच होतं. मग तो हळूहळू आकसायला लागला. त्या दिवशी जरा धीर आला आणि मी सिस्टरना केबिनमध्ये बोलावलं.

"रविवारी तुम्ही कुठं असता?"

"का मॅडम?"

"खरं सांगा."

त्यांनी हातातले ग्लोव्ह्ज टेबलावर ठेवले. "इंदापूरला. तिथं डोळ्यांच्या एका दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला उभी राहते. तुम्हाला सांगितलं नाही, ते माझं चुकलं. पण तुम्हाला इंदापूरचं विचारायचं नव्हतं ना? किल्ली पर्समध्ये गेली तेव्हाच मला कळलं. त्या पोरीच्या पापणीत मी सुई घातली असं वाटतंय तुम्हाला."

"ती वाक्यं माझी होती, सिस्टर. ती थिएटरच्या बाहेर कशी गेली?"

"मला नाही माहीत. पण मी विचारते."

मी अडवायच्या आत त्या बाहेर गेल्या. रूपाली बाकावर डोळ्यात थेंब घालून बसली होती. सिस्टर तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांची बोली एकदम गावाकडची झाली.

"पोरी, तू गप बसलीस म्हणून हितं मला चोर ठरवलंय. माझ्या डोळ्यात बघून सांग, मी घातला का तुला धागा?"

"न्हाय हो सिस्टर!" रूपाली रडायलाच लागली. "जळोचीच्या पार्लरवाल्या ताईंनी घातला. मनीषाताईंनी. कुणाला सांगायचं न्हाय अशी शपथ घातली हुती त्यांनी मला."

मनीषा. नाव ऐकलं आणि मला तिचे डोळे आठवले. कारण त्या डोळ्यांच्या घड्या मी घातल्या होत्या. ती माझी पेशंट होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि सिस्टर जळोचीला गेलो. नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर छोटं, स्वच्छ पार्लर. भिंतीवर मनीषाच्या डोळ्यांचे मोठे फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. घडी सुंदर बसली होती. मला त्याचा आनंद झाला नाही.

"या या मॅडम!" ती उठली. मग माझ्यामागे सुनीता सिस्टर दिसल्या आणि आम्ही आयब्रो करायला आलो नाही हे तिच्या लक्षात आलं.

"रूपालीला टाके तू घातलेस?"

"घातले. तिनंच गळ घातली हुती. लग्न जवळ आलंय म्हणली."

"कुठं शिकलीस?"

"तुमच्याकडंच की. तुमी समदं बोलत हुता. आता हितनं टोचते, आता धागा असा आडवा नेते, आता गाठ आत ढकलते. मधी मला उठवून आरसा बी दिलात, बघ म्हणलात दोन्ही सारखे झाले का. मी घरी जाऊन समदं लिवून ठेवलं. धागा, सुई, भूल, सगळं ऑनलाइन मिळतंय. आदी कोंबडीच्या कातडीवर हात बसवला, मगच माणसाला हात लावला."

ती हे अभिमानानं सांगत होती. एखाद्या विद्यार्थिनीनं सांगावं तसं.

"सुई आत घालताना बुबुळावर काय ठेवलंस?"

"बुबुळावर?"

"प्लेट. डोळ्याच्या आणि पापणीच्या मध्ये ठेवायची. सुई घसरली तर ती प्लेटवर अडते."

"तुमी तसलं काय म्हणला न्हाईत."

खरंच म्हटलं नव्हतं. डोळा बधिर असल्यानं प्लेट ठेवलेली पेशंटला कळत नाही आणि मी ती गुपचूप ठेवते. उगाच कशाला घाबरवायचं? धाग्याचं टोक आत उघडं राहिलं नाही ना, हे मी पापणी उलटून तपासते, तेही न बोलता. सामान निर्जंतुक कसं होतं, ते तर तिच्यापासून दोन खोल्या लांब होतं. मी बोलले ते सगळं तिनं अचूक केलं होतं. मी बोलले नाही त्यातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

"रूपालीचा डोळा जाता जाता राहिलाय," सिस्टर म्हणाल्या. "सुई अजून आत गेली असती तर डोळा फुटलाच असता."

मनीषा खुर्चीत बसली. तिनं विचारलं, "माझ्या भावजयीला बी घातलेत. तिला आणू का दाखवायला?"

"आजच आण. आणि अजून ज्यांना घातलेत त्यांनाही."

सगळ्या आल्या. एकीचा धागा काढावा लागला, बाकीच्या नशिबानं सुटल्या. भावजयीची घडी तर इतकी छान होती की ती मला म्हणाली, "मॅडम, आमच्या मनीषाला तुमच्याकडं कामाला घ्या की." मी आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार केली. पार्लर काही काळ बंद होतं. आता पुन्हा सुरू आहे, आयब्रो आणि फेशियलपुरतं, असं मनीषा सांगते. मी अधूनमधून खात्री करते.

रूपालीचा डोळा वाचला. बुबुळावर वरच्या बाजूला एक पुसट डाग राहिला, पण नजरेच्या मध्यात नाही. लग्नात तिची पापणी सुजलेलीच होती. तिकडच्या कुणी त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. सूज पूर्ण उतरून पापणी मऊ झाल्यावर ती नवऱ्याला घेऊन आली आणि मी चिऱ्याच्या पद्धतीनं घडी करून दिली. ती उजवीपेक्षा किंचित उंच झाली आहे. तिला दिसत नाही, मला दिसते.

सुनीता सिस्टर मात्र जळोचीला गेलो त्याच महिन्याच्या अखेरीला इंदापूरच्या दवाखान्यात कायमच्या गेल्या. मी किल्ली त्यांच्यासमोर ठेवली होती. त्यांनी ती उचलली नाही. "राग नाही मॅडम, पण आता हात मोकळा चालायचा नाही," एवढंच म्हणाल्या. मी थांबा म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं.

टेबलावरचा पेशंट जागा असतो आणि ऐकत असतो, हे मला उशिरा कळलं. मी बोलणं बंद केलं नाही, बोलल्याशिवाय माझा हात चालत नाही. पण आता प्लेट ठेवताना मोठ्यानं सांगते, "ही प्लेट. ही नसली तर सुई डोळ्यात जाऊ शकते." पेशंट दचकतो. दचकू दे.