लेबर पडलं

शी! 'लेबर' शब्द कानावर पडला की मला मळमळतं. पडेगावच्या साईटवर रोज सकाळी साहेब फोनवर ओरडतो, "खडी आली, वाळू आली, लेबर कुठंय?" माणसं आली का, बाया आल्या का, असं कधी विचारत नाय मेला. खडीसारखं आमचंही ढिगानंच मोजमाप.

माझ्यासंगं भामाबाई कामाला होती. गंगापूरकडची. नवरा गेल्यावर लेकराला घेऊन शहरात आली, घमेली वाहून कृष्णाला बारावी केलं. तो मुकादम झाला तेव्हा साईटभर पेढे वाटले बाईनं. "माझा कृष्णा माणसं कामाला लावतो," म्हणायची. कसली माणसं! तो लेबर पुरवायचा, अन् आईलाही त्यातच धरायचा. मी म्हणायची, "अगं, बस की आता घरी." तर म्हणे, "त्याला बाया कमी पडतात गं."

परवा परांचीची फळी सरकली अन् भामा खाली विटांवर आदळली. पाय पार वाकडा झाला. मी बोंबलत सुटले. साहेबानं आधी सगळ्यांना दटावलं, फोटो काढू नका म्हणून. मग कृष्णाला फोन लावला, स्पीकरवर.

"तुझं एक लेबर पडलंय."

"लई लागलं का? बरं, दुसरं पाठवतो. काम थांबवू नका."

भामा तिथंच पडलेली, सगळं ऐकत होती. मी फोन हिसकून घेतला. "मुडद्या, तुझी माय हाय ती!"

आला धावत. दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, सगळं केलं, खोटं कशाला बोलू? पलंगापाशी बसून ढसाढसा रडला. "माय, मला काय म्हाईत तू होतीस म्हणून!" घ्या! म्हणजे दुसऱ्याची माय असती तर चाललं असतं व्हय रे? मला त्याच्या रडण्याचीसुद्धा किळस आली. भामा मात्र त्याच्या केसांतून हात फिरवत होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डोळे पुसून, तिथंच बसून बोलला, "व्हय साहेब, दुसरं लेबर निघालंय. आता याच्या जागी तेच धरा."

भामानं हात काढून घेतला. भिंतीकडं तोंड केलं अन् मला म्हणाली, "द्वारके, इथून सुटले की तुझ्या घरी ने मला."